बारा चिंचोके

"हात कुठवर पोचला ते मला नको सांगूस. श्वास कुठे अडला ते सांग."

ठाण्याच्या पाचपाखाडीत, कचराळी तलावापासून पाच मिनिटांवर असलेल्या एका जुन्या सोसायटीचा हॉल. बुडाखाली सोलापुरी चादरीची घडी, पाय समोर पसरलेले आणि मी पुढे वाकलेली. पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचायला चार बोटं कमी पडत होती. ती चार बोटं मला छळत होती, कारण वर्षभरापूर्वी माझे हात अंगठ्याच्याही पुढे जात होते. योग शिकवणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांचा प्रश्न ऐकून मी पहिल्यांदाच तिकडे लक्ष दिलं. श्वास गळ्यात अडला होता. दात आवळलेले, जीभ टाळूला चिकटलेली आणि भरलेली बादली उचलताना आपण धरतो तसा श्वास धरून ठेवलेला.

"मग जरा मागे ये," बाई म्हणाल्या. "श्वास जिथवर वाहतो तिथवर आसन. त्याच्या पुढे नुसती ओढाताण."

मी चार बोटांऐवजी वीतभर मागे आले. श्वास सुटला. मांडीच्या मागे जी दोरी ताणल्यासारखी वाटत होती ती थोडी सैलावली. या गोष्टीला चार वर्षं झाली. त्या एका वीतभर मागे येण्यातून मला जे मिळालं, ते त्याआधी पुढे जाऊन कधीच मिळालं नव्हतं.

आधीची गोष्ट सांगायला हवी. सेहेचाळिसाव्या वर्षी, मान आणि पाठ दोन्ही कॉम्प्युटरला वाहिलेल्या अवस्थेत, मी घोडबंदर रोडवरच्या योगाच्या एका क्लासला जायला लागले. भिंतभर आरसा, छान प्रकाश, समोर तिशीतला उत्साही शिक्षक. दुसऱ्या आठवड्यात रोज एक्कावन्न सूर्यनमस्कार, महिनाअखेरीला १०८. मला ते आवडलं, हे खरं आहे. घाम निघायचा, वजन उतरत होतं आणि आरशात दिसणारी मी रोज जराशी जास्त वाकत होते. एका सकाळी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकलेली असताना, शिक्षकाने माझ्या पाठीवर दोन्ही हात ठेवून भार दिला. "अजून थोडं, सोडू नका." जुन्या ब्लाउजची शिवण उसवते ना, तसं काहीतरी डाव्या बुडाखाली झालं. आवाज आला नाही, पण मला तो ऐकू आल्यासारखा वाटला.

मांडीच्या मागचे स्नायू आपण ज्या हाडावर बसतो त्या हाडापासून सुरू होतात. तिथे त्यांची जाड पांढरी दोरी, म्हणजे कंडरा, हाडाला जोडलेली असते. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिला झालेली इजा भरायला वेळ फार. हे सगळं मला फिजिओथेरपिस्टकडून कळलं. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात, चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला, बसणाऱ्या बाईचा अर्धा भार त्याच हाडावर येतो हे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही. आठ महिने मी उभ्याने प्रवास केला. मुलुंड जायच्या आत कुणीतरी "बसता का?" विचारायचं आणि मी मान हलवायचे.

हठयोगातल्या 'हठ' या शब्दाचा परंपरेने लावलेला अर्थ सूर्य आणि चंद्र असा आहे. 'ह' म्हणजे सूर्य, 'ठ' म्हणजे चंद्र, उजवी नाडी आणि डावी नाडी, आणि त्यांचा मेळ म्हणजे हठयोग. शब्दकोशात पाहिलं तर हठ म्हणजे बळ, जबरदस्ती. मराठीत आपण त्याचा हट्ट केला. ते वर्षभर मी धरला होता तो हट्ट होता.

आणि गंमत अशी नव्हे, तर दुःख असं, की मी याहून बरं काही लहानपणापासून रोज पाहिलेलं होतं.

नौपाड्यात आम्ही चाळीत राहायचो. पहाटे पाचला बाबा गॅलरीत घोंगडीची घडी टाकायचे. शेजारी पितळेची वाटी आणि घोंगडीच्या कडेला ओळीने बारा चिंचोके. एक नमस्कार झाला की एक चिंचोका वाटीत. टिंग. आजोबा आटपाडीचे, म्हणजे औंध संस्थानातले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता, संस्थानच्या शाळांत मुलांकडून ते करून घेतले जायचे. आजोबा तिथे शिकले, त्यांच्याकडून बाबा. मी अंथरुणात अर्धवट जागी असायचे आणि कानावर तीनच आवाज यायचे. सूर्याचं नाव, मग लांबलचक सुटणारा श्वास आणि शेवटी टिंग. दोन टिंगांमध्ये इतकं अंतर असायचं की मला मध्येच पुन्हा डोळा लागायचा. रथसप्तमीला १०८ व्हायचे, पण तेही त्याच चालीने. त्या दिवशी आंघोळीला आम्हा भावंडांचा नंबर उशिरा लागायचा.

त्या क्लासमध्ये बाबांच्या एका नमस्कारात आमचे चार होत होते. हे माझ्या तेव्हा लक्षात कसं आलं नाही, कुणास ठाऊक.

ठाण्याला योगाची ओढ जुनी आहे. घंटाळी मित्र मंडळ, अंबिका योग कुटीर ही नावं इथल्या दोन-तीन पिढ्यांच्या बोलण्यात सहज येतात. 'आई कुठे आहे' या प्रश्नाला 'योगाला गेलीय' हे उत्तर नौपाड्यात मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. बाईंचं नाव मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. बाई सत्तरीच्या पुढच्या. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, पुढे लोणावळ्याला कैवल्यधामात जाऊन शिकलेल्या. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेली ही संस्था. योगाच्या क्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं हे त्यांनी दाबमापक आणि क्ष-किरण लावून पाहायला सुरुवात केली, हे शंभर वर्षांपूर्वी. बाईंच्या शिकवण्यात तो वारसा होता. एखादी गोष्ट त्या मान्य कर म्हणायच्या नाहीत. "करून बघ आणि पुढच्या शनिवारी मला सांग," एवढंच.

पहिले तीन महिने त्यांनी मला एकही आसन धरू दिलं नाही. घोटे, मनगटं, खांदे. मान वर-खाली आणि डावी-उजवी, गोल फिरवायची नाही. मग उताणं झोपून, गुडघे वाकवून, श्वासाबरोबर दोन्ही हात डोक्यामागे नेणं आणि श्वास सोडत परत आणणं. बस्स. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे काय आजारी माणसाचे व्यायाम. दुसऱ्या शनिवारी बाईंनी एक अट घातली. "श्वास आधी सुरू होऊ दे, हात त्याच्या मागून निघू दे. आणि हात थांबल्यावरही श्वासाचं शेपूट थोडं उरलेलं असू दे."

करून बघा. मला जमेना. हात डोक्यामागे पोचायचे तेव्हा श्वास अर्ध्यावर असायचा, किंवा श्वास संपून गेलेला आणि हात अधांतरी. दोघं दोन वेगळ्या गावांना निघालेले. हात हळू केले तर खांदे कंटाळायचे, श्वास लांबवला तर छाती धडधडायची. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी दोन्हींची गाठ पडली. हात मी उचलत नव्हते, आत येणारी हवा त्यांना वर नेत होती. असे सहा श्वास झाले असतील. सातव्याला मला त्याचा आनंद झाला आणि गाठ सुटली.

मग मार्जारासन आलं. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन, श्वास घेताना छाती पुढे आणि पाठ खाली, सोडताना पाठीची कमान वर. मग सेतुबंध, तेही न थांबता. घेताना कंबर उचलायची, सोडताना एकेक मणका सतरंजीवर ठेवत उतरायचं. घेताना मागे का आणि सोडताना पुढे का, हे मी विचारलं. बाईंनी कोपऱ्यातली छत्री आणली. बरगड्यांच्या तळाशी श्वासपटल असतं, अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखं घुमटाकार. श्वास घेतला की तो घुमट खाली सपाट होतो, पोट पुढे ढकललं जातं, छाती उघडते, म्हणून मागे वाकणं सोपं. श्वास सोडला की घुमट वर चढतो, पोट आत जातं, पुढे वाकायला जागा होते. "जागा झाली की जायचं," बाई म्हणाल्या, "ढकलून जागा करायची नाही." त्यांनी छत्री मिटून परत कोपऱ्यात ठेवली. मला मात्र माझ्या पाठीवर भार देणारे ते दोन हात आठवले. त्या क्षणी मी श्वास धरलेला होता. छत्री उघडीच होती आणि वरून दाब आला होता.

हालचालीची पायरी ही खालची, नवख्यांची पायरी असं आपण धरून चालतो. माझं मत आता तसं राहिलेलं नाही. हालचाल नीट झाली नाही तर पुढचं सगळं पोकळ जमिनीवर उभं राहतं. श्वास दिसत नाही, पण हात दिसतो. दिसणाऱ्या हाताला धरून न दिसणाऱ्या श्वासापर्यंत जायचं, म्हणून ती हालचाल.

तेव्हापासून मला माझा दिवस वेगळा दिसू लागला. ऑफिसात रकमा टाइप करताना मी श्वास धरते. प्लॅटफॉर्मवर गाडी शिरताना धरते. उकळता चहा गाळताना धरते. दिवसात किती वेळा, हे एका कामाच्या दिवशी मोजायला घेतलं. अकरापर्यंत आल्यावर नाद सोडला, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

श्वासाकडे आम्ही चौथ्या महिन्यात वळलो. नाथपंथीय परंपरेत एक आकडा सांगतात. माणूस दिवसरात्रीत २१,६०० श्वास घेतो. एक दिवस म्हणजे १,४४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला पंधरा. आजचे डॉक्टर निरोगी प्रौढ माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला बारा ते वीस मोजतात, त्यात हे बरोबर बसतं. घड्याळ नसलेल्या काळात कुणीतरी शांत बसून हे मोजलं असेल, या कल्पनेनेच मला भरून येतं.

बाईंकडे कापडाच्या छोट्या पिशव्या होत्या, प्रत्येकीत अर्धा किलो तांदूळ. उताणं झोपायचं आणि ती पिशवी बेंबीवर ठेवायची. पिशवी वर जाते का बघायचं, एवढंच काम. माझी पिशवी पहिल्या दिवशी जागची हलली नाही. खांदे मात्र कानाकडे जात होते. शेजारची मुलगी हसली, मीही हसले आणि हसताना पिशवी चांगली उडाली. "तोच रस्ता," बाई म्हणाल्या.

मग मोजणं. चारात घ्यायचा, सहात सोडायचा. काही आठवड्यांनी सोडणं आठवर. एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटाच्या नाडीवर ठेवून बाईंनी आम्हाला स्वतःच्या हृदयाची चाल दाखवली. श्वास आत येताना ठोके जरा जवळजवळ पडतात, बाहेर जाताना लांब लांब. म्हणून सोडणं लांबवलं की सगळी घाई एक पाऊल मागे सरते. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. पण बोटाखाली ते झालं. माझ्याच मनगटात, माझ्याच श्वासाने, ठोके लांबले.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला रोजच्या गाडीत उपयोगी पडते. दम कोंडल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा प्राणवायू संपल्यामुळे नसतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की मेंदू 'श्वास घे' असा हाकारा देतो. आपण बाहेर सोडतो त्या हवेतही प्राणवायू सोळा टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो. हाकारा येतो तेव्हा आपण घाबरून अजून आत ओढतो, आणि आधीचा नीट सोडलेला नसतो. भांडुपच्या पुढे डबा भरला, छातीवर कुणाची तरी पर्स आणि पाठीवर कुणाचं तरी कोपर आलं की मी आता आत ओढत नाही. सोडते. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या मागे थोडी जागा नेहमी असते. तिथे श्वास येऊ देते. कांजूरमार्ग येईपर्यंत बरं वाटतं.

नाडीशुद्धी, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास, आणि भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव, आम्ही याच काळात शिकलो. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, बाईंनी दोन वर्षं करू दिलं नाही. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत, हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात, यावर एक श्लोक आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात, 'शनैः शनैः', तसाच वायू. नाहीतर तो साधकाचाच घात करतो. ठाणेकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. येऊरच्या जंगलात बिबट्या आहे हे आपल्याला माहीत आहे, तरी आपण तिथे फिरायला जातो, पण त्याला हाकायला कुणी जात नाही. माझ्या आधीच्या क्लासमध्ये रक्तदाब असलेल्या एका काकूंना पहिल्याच आठवड्यात जोरजोरात कपालभाती करायला लावली होती आणि त्या भिंतीला धरून खाली बसल्या होत्या. कपालभाती ही मुळात सहा शुद्धिक्रियांपैकी एक, हठप्रदीपिकेतच तसं म्हटलंय. तिला आपण सरसकट सगळ्यांसाठी 'श्वासाचा व्यायाम' करून टाकलं. २१ जूनला मैदानं भरतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा सतरंजी उघडणाऱ्या साठीच्या माणसाला लाउडस्पीकरच्या तालावर पळवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याला आधी हात वर करून खाली आणू द्या. श्वासाबरोबर. त्याला दुसऱ्या दिवशीही यावंसं वाटलं पाहिजे.

स्थिरतेबद्दल लिहायला मी जरा बिचकते आहे, कारण ती मला अजून तुकड्यातुकड्यांतच भेटते.

बाईंनी एक दिवस शब्द बदलला. "आता आसन धरू नकोस, आसनात राहा." मी धरणं आणि राहणं यातला फरक समजून घ्यायला वृक्षासनात उभी राहिले. एका पायावर, दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला टेकवून, हात जोडून. वाटलं होतं, स्थिर म्हणजे खांबासारखं. पण उभ्या पायाच्या घोट्यात सतत काहीतरी चाललेलं असतं. आत झुक, बाहेर झुक, बोटं दाबून पुन्हा मध्ये ये. ती धडपड मी थांबवायला गेले की पडायचे. तिला तिचं काम करू दिलं की वरचं सगळं शांत. दुसऱ्या दिवशी सकाळी कचराळीच्या कठड्याशी थांबले तेव्हा कडेला एक ढोकरी बगळा उभा होता. पाण्यावर मान ताणून, नुसता चिखलाच्या रंगाचा ठिपका. पाच मिनिटं मी त्याच्याकडे बघत होते. त्याचे पाय हलत नव्हते, पण गळ्याखालची पिसं एकसारखी हलत होती. बकध्यान म्हणून आपण त्याला उगाच बदनाम केलं. ते ध्यान लबाडीचं असेल तर असो, उभं राहणं अस्सल होतं.

पतंजलींनी आसनाची व्याख्या दोन शब्दांत केली, स्थिर आणि सुख. पुढच्याच सूत्रात ते साधायचं कसं ते सांगितलं: प्रयत्न शिथिल करून. मी हे सूत्र पूर्वी वाचलं होतं आणि 'प्रयत्न कमी करा' हे आळशी माणसासाठी असावं असं समजून सोडून दिलं होतं. पश्चिमोत्तानासनात पुन्हा बसल्यावर त्याचा अर्थ दुखऱ्या जागेने सांगितला. स्नायू अचानक ताणला गेला की तो उलट आवळतो, स्वतःला वाचवतो. तो प्रतिक्षेप आहे, आपल्या हुकमतीत नाही. पण ताण सोसवेल इतकाच ठेवून, श्वास वाहता ठेवून अर्धा-एक मिनिट नुसतं राहिलं, की तो आपोआप सुटू लागतो. मी पाच श्वास राहिले. मग आठ. कधी बारा. पुढे जायचं नव्हतं, त्यामुळे तिथे करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. श्वास सोडताना दर वेळी कागदाच्या जाडीइतकं काहीतरी खाली बसायचं. त्या जुन्या जखमेच्या जागी ऊब यायची. जवळजवळ वर्षाने मी चौथ्या सीटवर बसून मस्जिद बंदरपर्यंत गेले आणि उतरताना आठवलं की दुखलं नाही.

शवासन हे सगळ्यांत सोपं समजलं जातं, कारण त्यात झोपायचं असतं. मला ते सगळ्यांत उशिरा आलं. हॉलच्या खिडकीला लागून एका घराचं स्वयंपाकघर होतं. तिथल्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायचे. चौथी झाली की माझ्या मनात 'बंद कर गं' असं यायचं, इतकी मी त्या घरात गेलेली असायचे. मग डब्याचं, भाजीचं, उद्याच्या रिटर्नचं. बाई विचारांना काही म्हणायच्या नाहीत. शरीराचा एकच कोपरा द्यायच्या. एक आठवडा फक्त जबडा. एक आठवडा फक्त जीभ. जीभ टाळूपासून सुटून खालच्या दातांमागे पडली की डोळ्यांच्या मागचं काहीतरी सैल होतं हे मला एक्कावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कळलं.

आणि मागच्या आषाढातली ती सकाळ. बाहेर पाऊस होता, पत्र्यावर जोरात. आम्ही पाच-सहाजणीच आलो होतो. अंगावर चादर, खाली चादर. मी श्वास सोडला आणि पुढचा लगेच आला नाही. मी थांबवला नव्हता. घ्यायची घाई झाली नव्हती, हाकारा आला नव्हता. सोडलेला श्वास संपला होता आणि पुढचा अजून निघाला नव्हता, त्या मधल्या जागेत मी होते. पाऊस ऐकू येत होता. किती वेळ, सांगता येणार नाही. फार तर चार-पाच सेकंद असतील. मग श्वास आपला आपण आला, कुणी दार न वाजवता घरात यावं तसा. हठप्रदीपिकेतलं 'चले वाते चलं चित्तं', वारा हलला की मन हलतं आणि तो निश्चल झाला की मनही निश्चल, हे बाई अनेकदा म्हणायच्या. त्या सकाळी ते वाक्य माझ्यासाठी कानातून उतरून छातीत आलं. मी बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "छान. आता पुढच्या वेळी त्याची वाट बघू नकोस." मी अर्थातच पुढचे दोन महिने वाट पाहिली आणि तो फिरकला नाही.

हालचाल, मग श्वास, मग स्थिरता, असा क्रम मी लिहिला खरा, पण जगताना तो असा एका दिशेने जात नाही. मार्चअखेरीला घरी यायला दहा वाजतात. तेव्हा मी शांत बसायला गेले तर डोक्यात आकड्यांचं मोहोळ उठतं. त्या दिवसांत मी पहिल्या महिन्यातल्या मुलीसारखी हात वर-खाली करते, मार्जारासन करते, झोपते. पूर्वी याला मी घसरण म्हटलं असतं. बाई म्हणतात, रोज सकाळी स्वतःला विचार, आज कुठल्या दाराने आत जायचं. कधी हाताने, कधी श्वासाने. एखाद्या दिवशी दार उघडंच असतं. पश्चिमोत्तानासनात अंगठ्याला अजून दोन बोटं कमी पडतात. थंडीत तीन.

गेल्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वय चौऱ्याऐंशी. तीन महिने ते माझ्याकडे अंथरुणाला होते आणि ज्या माणसाने साठ वर्षं पहाट चुकवली नाही तो सकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी "बाबा, फिजिओच्या बाई आल्यात" म्हटलं की ते "येऊ दे" म्हणायचे, बाकी काही नाही. चालायला लागले, वॉकर घेऊन, चार पावलं. एका संध्याकाळी म्हणाले, "ती वाटी नौपाड्याच्या घरी आहे. येताना आण." चिंचोक्यांचं मी विचारलं नाही. वाटीतच होते, बारा, झिजून गुळगुळीत झालेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना हातांच्या खुर्चीत बाल्कनीकडे तोंड करून बसवलं. पुढे वाकायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून मी म्हटलं, "बाबा, नुसते हात वर, नुसते हात खाली. आणि नाव." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे त्यांना शिकवणारी मी कोण. मी मागे उभी राहिले आणि तळहात त्यांच्या पाठीवर, शालीवरून, बरगड्यांच्या खाली ठेवला.

ॐ मित्राय नमः. हात खांद्याच्या थोडे वर गेले. उजवा कमी. श्वास सोडत खाली आले. टिंग.

रवये. सूर्याय. भानवे. चौथ्यापासून मला जाणवलं की हात श्वासाच्या मागून निघताहेत. श्वास आधी, हात नंतर. आणि हात मांडीवर टेकले तरी श्वासाचं शेपूट उरलेलं. मला जे जमवायला पंधरा-वीस दिवस लागले होते ते त्यांच्यात साठ वर्षं मुरलेलं होतं. त्यांनी त्याला कधी काही नाव दिलं नव्हतं.

नवव्याला, आदित्याय म्हणताना, हात वर गेले नाहीत. मांडीवरच राहिले, फक्त बोटं उघडली आणि मिटली. मी काही बोलले नाही. माझ्या तळहाताखाली पाठ फुगली आणि ओसरली. टिंग. अकराव्याला आवाज नव्हता, ओठ हलले. खाली रस्त्यावर दूधवाल्याची सायकल गेली.

बारावं नाव त्यांनी म्हटलं की नाही मला कळलं नाही. शेवटचा चिंचोका चिमटीत धरून हात वाटीच्या वर होता. डोळे मिटलेले. श्वास बाहेर गेला तो मला कळला. मी वाट पाहिली. पाठ हलत नव्हती आणि मला एक क्षण भीती वाटली. मग वाटली नाही, कारण खांदे सैल होते आणि जबडाही. आम्ही दोघं तसेच होतो.

मग श्वास आला. चिंचोका वाटीत पडला.

"चहा टाक," बाबा म्हणाले. "आलं घाल जरा."